गालिच्याला गाडी, गटाराला माणूस!

अमेरिकेत घरातला गालिचा धुवायला काय लागतं माहितीये? एक अख्खी व्हॅन! आणि ती व्हॅन नुसती बादल्या-ब्रश वाहून आणत नाही. ती दारात उभी राहते, तिचं इंजिन चालूच राहतं आणि त्या इंजिनाच्या जोरावर घरातला गालिचा धुतला जातो. तिकडे या यंत्रणेला 'ट्रक माउंट' म्हणतात.

मॅगझिनसाठी हा विषय घेतोय म्हटल्यावर आमच्या बॅचमधल्या एका मित्राने लगेच बॉम्ब टाकला, "अबे, सोलापुरात कार्पेट कुणाकडं आहे बे?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे! आपलं गाव चादरीचं, टॉवेलचं. घरात सतरंजी असते, दारात पायपुसणं असतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा आपल्यापैकी बहुतेकांनी हॉटेलात नाहीतर थिएटरातच पाहिलेला. आपली सतरंजी मळली की ती उचलायची, भिजवायची, आपटायची आणि गच्चीवर वाळत टाकायची. विषय संपला! धुवायची वस्तू उचलता येत असेल तर व्हॅन दारात बोलवायचं कारणच काय?

पण जी गोष्ट उचलून बाहेर नेता येत नाही, जागेवरच साफ करावी लागते, तिचं काय? तिकडे तो गालिचा आहे. आपल्याकडे ती गोष्ट म्हणजे ड्रेनेज आणि संडासाची टाकी. नाक मुरडू नका! नाक मुरडून आपण हा विषय इतकी वर्षं टाळला, म्हणूनच मला तो लिहावासा वाटला. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. गालिच्याच्या त्या मशीनमध्ये जी युक्ती आहे ती आपल्याकडे ऑलरेडी आहे, पण अर्धीच. आणि उरलेली अर्धी मशीन म्हणून आपण माणूस वापरतो.

आता जरा नीट सांगतो.

मशीन करतं तरी काय?

गालिचा धुण्याची ही पद्धत तशी साधी आहे. गरम पाणी प्रेशरने धाग्यात मारायचं, मळ सुटला की त्याच क्षणी तो पाण्यासकट व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. म्हणजे कामं तीन: गरम करणं, मारणं आणि ओढणं. तिन्ही एकाच वेळी. नुसतं ओढलं तर वरची धूळ निघते, आत बसलेला मळ तसाच राहतो. नुसतं पाणी मारलं तर चिखल होतो. दोन्ही हवं!

मग हे काम घरातल्या प्लगवर का नाही चालत? चालतं, छोट्या प्रमाणात. पण गणित करून बघा. अमेरिकेत साध्या प्लगला १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर मिळतात. गुणाकार केला की १८०० वॉट, म्हणजे जेमतेम २.४ हॉर्सपॉवर. एवढ्यात पाणी गरम करायचं, पंप चालवायचा की व्हॅक्यूम? आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत, म्हणून पॉवर प्लगवर साडेचारच्या आसपास हॉर्सपॉवर मिळते. तरी तेच. आणि दारात उभी असलेली व्हॅन? तिच्या पोटात त्याच्या कितीतरी पट ताकद नुसती बसून असते.

म्हणून त्या लोकांनी मशीन गाडीत चढवलं. त्यात दोन जाती आहेत. एका जातीत मशीनला स्वतःचं वेगळं छोटं इंजिन असतं आणि ते अख्खं धूड व्हॅनच्या मागच्या भागात सरकवून बसवतात. दुसरी जात मला जास्त आवडते. तिच्यात वेगळं इंजिनच नसतं. व्हॅनच्याच इंजिनावरून पट्ट्याने नाहीतर शाफ्टने ताकद काढून घेतात. त्यावर व्हॅक्यूमचा ब्लोअर फिरतो आणि पाण्याचा पंपही. घरात जातात फक्त होज आणि माणसाच्या हातातली कांडी. घाण पाणी परत गाडीतल्या टाकीत. आवाज बाहेर, घाण बाहेर.

आणि पाणी गरम कशावर होतं, हे वाचून तर मी खूशच झालो. आपण सगळ्यांनी हीट बॅलन्स शीटचं प्रॅक्टिकल केलंय (किंवा निदान जर्नल तरी उतरवलंय!). इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश कामाला येते, साधारण तेवढीच कूलिंगच्या पाण्यात जाते आणि बाकीची बहुतेक सायलेन्सरमधून हवेत. ती वाया जाणारी उष्णताच हीट एक्स्चेंजरने पकडायची आणि तिच्यावर पाणी तापवायचं. फुकटचा गिझर! आपण प्रॅक्टिकलमध्ये 'लॉसेस' म्हणून जो आकडा लिहून मोकळे होतो, त्यावर तिकडे कुणीतरी धंदा उभा केला.

तोटे नाहीत असं नाही. इंजिन तासन् तास जागेवर चालतं, डिझेल-पेट्रोल जळतं, धूर होतो. गाडी बंद पडली की धंदाही बंद, कारण गाडी आणि मशीन एकच. पण तत्त्व मात्र पक्कं आहे: जिथे काम आहे तिथे ताकद गाडीनेच न्यायची, आणि माणसाने फक्त होज धरायचा.

आपल्याला हे नवीन नाही

आता तुम्ही म्हणाल, हे फॉरेनचं कौतुक पुरे. पण हे तत्त्व आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पाठ आहे. डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेत फवारणी कशी होते? छोटा ट्रॅक्टर, मागे ब्लोअर. औषधाचा पंप आणि पंखा दोन्ही ट्रॅक्टरच्या पीटीओवर. रोटाव्हेटर पीटीओवर. स्टँडर्ड पीटीओचे ५४० आरपीएम हा आकडा पुस्तकात यायच्या आधी कितीतरी पोरांनी शेतातच पाहिलेला असतो. बोअरची गाडी आली की अख्खी वस्ती बघायला जमते, तीही चाकांवरची मशीनच.

आणि संडासाची टाकी उपसणारा टँकर? तोही ट्रक माउंटच! ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनावर व्हॅक्यूम पंप चालतो, टाकीतली हवा ओढून घेतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब मैला पाईपातून वर ढकलतो. अगदी तेच तत्त्व.

मग प्रॉब्लेम कुठे आहे?

अर्धी मशीन

आमच्या वसाहतीत मागे एकदा टाकी भरली. गाडी बोलावली. पाईप टाकला, वरचं पाणी दहा-पंधरा मिनिटांत ओढलं. मग ड्रायव्हर म्हणाला, "काका, खालचा गाळ बसलाय, पाईप ओढत नाही. माणूस उतरवावा लागंल, त्याचे पैसे वेगळे." काकांनी मान डोलावली. माझ्याच वयाचा एक मुलगा चड्डी-बनियनवर, बादली आणि दोरी घेऊन आत उतरला. ना मास्क, ना पट्टा. त्याचं नशीब, तो धड वर आला. नंतर त्याला चहा मिळाला. गेटच्या बाहेर, कागदी कपात.

आणि हा सगळा वेळ वर टँकरचं इंजिन घरघरत होतं! एवढी हॉर्सपॉवर वर नुसती धूर सोडत उभी, आणि खाली एक माणूस बादलीने गाळ काढतोय. याला इंजिनिअरिंग म्हणायचं?

गाळ का ओढला जात नाही, याचं उत्तर आपल्या एस.ई.च्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आहे. व्हॅक्यूम कितीही भारी असला तरी पाणी वर चढतं ते हवेच्या दाबामुळे. समुद्रसपाटीला ती मर्यादा साधारण १०.३ मीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे आपल्याकडे ती ९.८ मीटरच्या आसपास येते. प्रत्यक्षात गळती आणि घर्षण धरून आणखी कमी. पण घरगुती टाकी काय दोन-तीन मीटर खोल. म्हणजे खोली हा प्रॉब्लेमच नाही! प्रॉब्लेम आहे गाळाच्या घट्टपणाचा. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायला हवी, आपण ती भरून वाहेपर्यंत थांबतो. तळाचा गाळ लिंपल्यासारखा बसतो. पाईपाच्या तोंडाशी तो वाहतच नाही, तर चढणार कुठून?

गालिचेवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. आधी पाणी मारा, मळ सोडवा, मग ओढा! मोठ्या शहरांत महापालिकांकडे जेटिंग आणि सक्शन दोन्ही असलेल्या मोठ्या गाड्या असतात, त्या हेच करतात. पण वसाहतीत, पेठांत, खेड्यात जो खाजगी टँकर येतो त्याच्याकडे बहुतेक वेळा नुसतं सक्शन असतं. मारणारा अर्धा भाग नाही. म्हणून तो भाग माणसाच्या हाता-पायांनी भरून काढायचा.

आत काय असतं

संडासाच्या टाकीला आपल्याकडे सर्रास 'सेफ्टी टँक' म्हणतात. सेप्टिकचं सेफ्टी झालं. किती क्रूर विनोद आहे बघा! कारण त्या टाकीइतकी अनसेफ जागा दुसरी नसेल.

मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढलं की नाकाची वास ओळखण्याची ताकदच मारली जाते. म्हणजे वास येईनासा झाला की माणसाला वाटतं हवा बरी झाली, आणि तेव्हाच तो सगळ्यात जास्त धोक्यात असतो. त्यात ऑक्सिजन कमी. माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. मग तिसरा.

म्हणूनच अशा बातम्यांत बहुतेकदा एकाचं नाव नसतं. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात एकाच टाकीत पाच जण गेले. पाच! आपण दोन दिवस हळहळतो, व्हॉट्सअॅपवर हात जोडतो आणि विसरतो.

कायदा काय म्हणतो

कायदा नाही म्हणून हे चालतं असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला व्ही. एन. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. म्हणजे प्रश्न सरकारच्या टेबलावर येऊन पंचाहत्तर वर्षं उलटली. १९९३ साली हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा आला. २०१३ साली नवा, जास्त कडक कायदा आला आणि ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. तारीख बघा, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. या कायद्याप्रमाणे सुरक्षेची साधनं आणि खबरदारी न पुरवता कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे फक्त महापालिकेला लागू नाही. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असं म्हटलंय. म्हणजे मान डोलावणारे वसाहतीतले काकाही त्यात आले!

२७ मार्च २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने अशा प्रत्येक मृत्यूमागे कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितलं. २० ऑक्टोबर २०२३ ला ती रक्कम ३० लाख केली. गोवंडीच्या त्या कामगारांच्या विधवांना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टाने १० लाखांची भरपाई द्यायला लावली. आपल्या जिल्ह्यातही हा प्रश्न कोर्टात गेलाय. पंढरपूरच्या वारीच्या काळात मैला कोण आणि कसा उचलतो, यावर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. २०२३ च्या केंद्रीय बजेटमध्ये तर 'मॅनहोल' कडून 'मशीन-होल' कडे जायची घोषणा झाली. शब्द छान आहे. पण शब्दाने गाळ निघत नाही!

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. हे काम कुणाच्या वाट्याला येतं? ठरावीक जातींतल्या ठरावीक माणसांच्या. आमच्या कॉन्व्हेंटच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'क्लीनलिनेस इज नेक्स्ट टु गॉडलिनेस'. स्वच्छता देवाच्या शेजारी बसते. मग स्वच्छता करणाऱ्याला आपण गेटच्या बाहेर का बसवतो? टाकीत उतरायला बामणाचा, मराठ्याचा, लिंगायताचा मुलगा लागला असता, तर माझी खात्री आहे, हे मशीन पन्नास वर्षांपूर्वीच सोलापुरात बनलं असतं.

"आमच्या गल्लीत गाडी येत नाही"

हे वाक्य नेहमी ऐकायला मिळतं. पूर्व भागातल्या जुन्या गल्ल्या बघितल्या, साखर पेठ, जोडभावी पेठ फिरलं, तर ते काही अंशी खरंही वाटतं. मोठा ट्रक तिथे शिरणार नाही.

पण उत्तर त्या गालिच्याच्या व्हॅनमध्येच आहे. ती व्हॅन घरात शिरते का? नाही! ती रस्त्यावर उभी राहते आणि शंभर-दीडशे फूट होज आत जातो. आणि गाडी मोठीच हवी असं कुणी सांगितलं? हैदराबादने २०१७ साली अरुंद गल्ल्यांसाठी ७० छोट्या जेटिंग गाड्या आणल्या. दिल्लीने फेब्रुवारी २०१९ मध्ये २०० छोट्या गाड्या रस्त्यावर काढल्या. आणि त्या गाड्या चालवायला सफाई कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना पुढे आणलं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. नाहीतर मशीन येणार, आणि ज्याने आयुष्यभर घाण काढली त्याचं काम जाऊन मालक तिसराच होणार. मशीनची चावी आधी त्याच्याच हातात द्यायला हवी. त्यासाठी कर्ज देणारं राष्ट्रीय सफाई कर्मचारी वित्त व विकास महामंडळ १९९७ पासून आहे.

आता ताकदीचं गणित करू. समजा मिनिटाला ३० लिटर पाणी ८० बार प्रेशरने मारायचंय. प्रेशर गुणिले डिस्चार्ज, उत्तर ४००० वॉट. पंपाची एफिशिअन्सी ८० टक्के धरली तर ५००० वॉट, म्हणजे पावणेसात हॉर्सपॉवरच्या आत-बाहेर. २००५ साली आलेल्या पहिल्या 'छोटा हत्ती'चं इंजिन १६ हॉर्सपॉवरचं होतं. म्हणजे केळी-टोमॅटो वाहणारी गाडीसुद्धा गाळ फोडू शकते! आणि पाणी मारणं आणि ओढणं आळीपाळीने केलं तर ताकदीची ओढाताणही होत नाही.

पण पाण्याचं काय? हा प्रश्न सोलापूरकर विचारणारच. उजनीचं पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला आलेले उन्हाळे आपण पाहिलेत. मिनिटाला ३० लिटर म्हणजे वीस मिनिटांत ६०० लिटर. पिण्याचं पाणी यासाठी वापरलं तर लोक गाडीच पेटवतील! पण गाळ फोडायला पिण्याचं पाणी कशाला? टाकीतलं वरचं जे पाणी आधी ओढलंय तेच गाळून परत मारता येईल. इथे खरं डिझाइन आहे. फिल्टर तुंबणार, नोझल झिजणार, पंपाचे सील जाणार. सोपं नाहीये. पण याच्यासाठीच तर आपण चार वर्षं घासतोय ना?

गरम पाण्याचंही तसंच. सगळीकडे गरम पाणी मारून चालणार नाही, टाकीतले उपयोगी जिवाणू मरतील आणि विषारी वायूही जास्त सुटेल. पण हॉटेलं आणि खानावळींच्या ड्रेनेज लाइनमध्ये जे तेल-तूप थिजून बसतं, तिथे सायलेन्सरची फुकट उष्णता सोनं आहे.

उद्या गाड्या इलेक्ट्रिक होतील तेव्हा ही फुकट उष्णता जाईल, हेही मान्य. पण तेव्हा बॅटरीवरून मोटर थेट चालवता येईल, इंजिन तासन् तास घरघरत ठेवायची गरज नाही आणि गल्लीत धूरही नाही. म्हणजे तत्त्व तेच राहतं.

मग आपण?

दर वर्षी बी.ई.च्या प्रोजेक्टची यादी लागते. त्यातले किती प्रोजेक्ट बाहेर वापरले जातात? बरेचसे मॉडेल व्हायवापुरते पळतात आणि मग स्टोअररूममध्ये धूळ खात पडतात. काही तर विकतच आणलेले असतात, कुठून ते सगळ्यांना माहिती आहे. असो!

केरळमधल्या कुट्टिपुरमच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडलेल्या मुलांनी मॅनहोल साफ करणारा रोबो बनवला, 'बँडिकूट'. २०१८ साली तिरुवनंतपुरमला तो कामाला लागला. ती मुलं काही नासातून आली नव्हती. आपल्यासारखीच केटी, सबमिशन आणि अटेंडन्सच्या चक्रातली असणार.

आपल्याला रोबोही नको. आपल्याला टँकरची उरलेली अर्धी मशीन हवी. असलेल्या टँकरवर बसेल असा जेटिंगचा पंप, पीटीओवरून चालणारा, एमआयडीसीतल्या आपल्याच वर्कशॉपमध्ये दुरुस्त होईल असा. वर उभं राहून तळापर्यंत फिरवता येईल अशी लांब कांडी. मेकॅनिकलवाल्यांनी पंप आणि ड्राइव्ह बघावा, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी झाकण उघडल्याबरोबर बोंब मारणारा गॅस सेन्सर बसवावा, सिव्हिलवाल्यांनी उतरायची गरजच पडणार नाही अशी टाकी काढावी. कॉम्प्युटरवाल्यांनी कुठली टाकी कधी उपसायची याची आठवण करून देणारं अॅप लिहावं, म्हणजे गाळ लिंपेपर्यंत वेळच येणार नाही. एकाच प्रोजेक्टमध्ये चार ब्रँच!

आणि ज्यांना प्रोजेक्ट जमणार नाही त्यांनी एवढं तरी करावं. घरी, वसाहतीत, होस्टेलवर टाकी उपसायची वेळ आली तर गाडीवाल्याला आधीच विचारायचं, "जेटिंग आहे का? माणूस उतरवणार नाही ना?" उतरवणार असेल तर गाडी परत पाठवायची. दुसरी थोडी महाग पडेल. पडू दे! चार घरांनी अशी गाडी परत पाठवली की पाचव्या घरी तो पंप बसवूनच येईल. धंद्याचा नियम आहे.

तिकडे गालिच्यावर कॉफी सांडली तर व्हॅन येते, इंजिन चालू होतं, गरम पाणी येतं. त्यात मला काही गैर वाटत नाही, गालिचा स्वच्छ असावाच. पण ज्या देशात टाकीत उतरलेला माणूस वर येईल की नाही याची खात्री नाही, त्या देशातल्या इंजिनिअरने पुढची गाडी कशासाठी बनवायची, हे वेगळं सांगायला हवं का?

यंदाच्या प्रोजेक्टच्या यादीत हे नाव दिसलं तर ग्रुपमध्ये एक जागा माझ्यासाठी ठेवा. मेकॅनिकलचं काम मी करीन.

— टी.ई. मेकॅनिकल